पाठमोरा प्रत्यक्षदर्शी

चष्मेवाल्यांनी तो बँड पाहिला होता की नव्हता, या प्रश्नावर त्यांच्या घरात लग्नापासून एकमत झालेलं नाही. चष्मेवाले म्हणत, पाहिला. बायको म्हणे, ज्याच्याकडे आपण पाठ करून उभे होतो त्याला 'पाहिला' म्हणत नाहीत. मुलगी लहानपणी आईच्या बाजूने होती. मोठी झाल्यावर तिने तटस्थ राहायचं ठरवलं, आणि चष्मेवाल्यांच्या मते तटस्थ राहणं म्हणजे सुधारित पद्धतीने आईच्याच बाजूने असणं.

झालं होतं असं. चष्मेवाले कॉलेजात असताना ज्या रॉक बँडची सगळी गाणी त्यांना पाठ होती, तो बँड त्यांच्या गावात एकदाच आला, मोठ्या मैदानावर. तिकीट मिळेना. तेव्हा त्यांनी स्वयंसेवकांत नाव घातलं. स्वयंसेवकांना हिरवे शर्ट मिळाले, त्यावर चांदीसारखी चकचकीत बटणं. चष्मेवाल्यांच्या वाट्याला आलेला शर्ट त्यांच्यासारखे दोन मावतील एवढा होता. स्वयंसेवकांचे प्रमुख म्हणजे निवृत्त कवायत मास्तर. त्यांनी एकच हुकूम सोडला, "तोंड गर्दीकडे, पाठ स्टेजकडे. जो वळेल तो बाहेर."

बाकीच्या स्वयंसेवकांनी हा हुकूम म्हणजे एक सूचना मानली. दुसऱ्या गाण्याला ते सगळे स्टेजकडे तोंड करून नाचत होते आणि त्यांच्यात कवायत मास्तरही होते. वळले नाहीत ते एकटे चष्मेवाले. आता याला शिस्त म्हणायचं की बावळटपणा, हे ज्याने त्याने ठरवावं. चिटपाखरू नसलेल्या रस्त्यावरसुद्धा लाल दिवा दिसला की पायी चालताना थांबणारी माणसं असतात, चष्मेवाले त्यांतले. सगळा कार्यक्रम त्यांच्या पाठीमागे झाला आणि ते हात मागे बांधून लोकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

त्या तोंडांपैकी एक त्यांच्या अगदी समोर होतं. पहिल्या रांगेत, दोराला चिकटून उभा असलेला एक काटकुळा मुलगा. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आतच कुणाचं तरी कोपर लागून त्याच्या चष्म्याची काडी मोडली. त्याने दोरावरून वाकून ओरडून विचारलं, "भाऊ, जरा धरता का? पायाखाली जाईल." चष्मेवाल्यांनी तो चष्मा घेतला आणि शेवटपर्यंत तळहातावर जपला. पण शेवटचं गाणं संपलं तशी गर्दी उसळली, दोर तुटला आणि तो मुलगा लोंढ्याबरोबर कुठल्या कुठे गेला. चष्मेवाले मैदान रिकामं होईपर्यंत तिथेच उभे होते. पोरगा सापडेल तेव्हा चष्मा धड असावा म्हणून ते दुसऱ्या दिवशी काडी बसवायला एका चष्म्याच्या दुकानात गेले. मुलगा काही सापडला नाही, पण दुकानदाराला एक मदतनीस सापडला. आता ते दुकान त्यांचं स्वतःचं होतं आणि तो चष्मा गल्ल्याखालच्या खणात होता. अधूनमधून ते तो पुसून ठेवत.

तर इतक्या वर्षांनी बातमी आली की बँडच्या गायकाने आता गाणं थांबवलं. गावातल्या चाहत्यांना फार लागलं ते. दातांच्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन वाचनालयाच्या सभागृहात 'आठवणींची संध्याकाळ' ठरवली. डॉक्टरांनी त्या रात्री गायकाशी हात मिळवला होता. ही हकिगत ते पेशंटच्या तोंडात दोन्ही हात घालून सांगत असल्यामुळे तिच्यावर आजवर कुणी हरकत घेतलेली नव्हती.

चष्मेवाले आपलं नाव द्यायला गेले.

"तुम्ही?" डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही तर पाठमोरे होतात."

"हजर तर होतो!"

"हजर तर मैदानावरचे दिव्याचे खांबही होते. हे बघा, बोलायचं फक्त प्रत्यक्षदर्शींनी, असं आमच्या समितीत ठरलंय. तुम्ही श्रोत्यांत मोडता. तुमच्याकडे तिकीट आहे? कुणी साक्षीदार?"

चष्मेवाल्यांकडे दोन्ही नव्हतं. डॉक्टर मनाचे चांगले. त्यांना वाईट वाटलं असावं, म्हणून त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि जखमेवर मीठ चोळलं. "असं करा ना, तुम्हाला अनुभव आहे. तुम्ही दाराशी उभे राहून गर्दी सांभाळा."

त्या दिवशी चष्मेवाले घरी आले ते तोंड पाडून. भाजीला नावं ठेवली नाहीत, दुसऱ्यांदा भात मागितला नाही. तेव्हा बायकोच्या लक्षात आलं की प्रकरण गंभीर आहे.

"अहो, मग दाखवा ना सिद्ध करून," ती म्हणाली. "तो चष्मा उगाच का पुसत बसता? शोधा त्या मुलाला. तो सांगेल तुम्ही होतात म्हणून."

"तू तर म्हणतेस मी पाहिलाच नाही."

"ते मी म्हणते. डॉक्टरांनी कशाला म्हणायचं?"

वरच्या मजल्यावरच्या हेडक्लार्क काकांनीही हेच मत दिलं. काका निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण सल्ला देण्यातून ते निवृत्त झाले नव्हते. त्यांच्या देखरेखीखाली मजकूर तयार झाला आणि दुकानाच्या काचेवर पाटी लागली. 'आपल्या गावी झालेल्या त्या बँडच्या कार्यक्रमात ज्यांचा चष्मा राहिला, त्यांनी ओळख पटवून घेऊन जावा.' किरकोळ काम. चार दिवसांत उरकेल, असं चष्मेवाल्यांना वाटलं.

पहिल्याच दिवशी एक बाई त्या कार्यक्रमात हरवलेली छत्री मागायला आल्या. छत्री नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मेवाल्यांकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर छत्री दडवणाऱ्याकडे बघण्याची होती. मग एक गृहस्थ आले, त्यांचा डावा बूट तिथे राहिला होता. जुळवून बघायला ते उजवा बरोबर घेऊन आले होते. "इतकी वर्षं ठेवलात?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "टाकवत नाही हो," ते म्हणाले. "त्या रात्रीनंतर पुन्हा एवढा नाचलोच नाही मी." एक जण आला तो म्हणे पहिल्या गाण्यालाच चक्कर येऊन पडला होता आणि शेवटच्या गाण्याला शुद्धीवर आला. तरी त्याच्या मते तसा कार्यक्रम पुन्हा होणे नाही. आणि एक जोडपं आलं, त्यांची ओळखच तिथे झाली होती, पायावर पाय पडण्यावरून. पाय कुणाचा कुणावर पडला यावर त्यांचं दुकानातच पुन्हा वाजलं आणि ती दोघं भांडत भांडतच एकमेकांचा हात धरून गेली.

चष्मा कुणाचाच नव्हता. पण घालून मात्र प्रत्येकाने पाहिला. दुकानात विक्री थंडावली आणि चहा वाढला. चष्मेवाले स्टूल पुढे सरकवून सगळ्यांचं ऐकून घेत. आपल्या पाठीमागे त्या रात्री काय काय झालं हे त्यांना असं तुकड्या तुकड्याने कळत होतं, आणि खोटं कशाला सांगा, त्यांना ते आवडत होतं.

इतक्यात हेडक्लार्क काकांना कायदा आठवला. "सापडलेली वस्तू पोलिसात कळवावी लागते. उद्या कुणी उलटलं तर?"

आता या वाक्यानंतर दुसरा कुणी हसला असता. चष्मेवाले चष्मा रुमालात गुंडाळून ठाण्यावर गेले.

"कधी सापडला?" हवालदाराने विचारलं.

"सापडला नाही. दिला."

"दिला तर तुमचाच झाला."

"तसा नाही दिला. धरायला दिला."

"मग धरा की!"

पण तेवढ्यात आतून साहेब आले. त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं आणि दुसऱ्याचा ऐवज इतकी वर्षं बाळगल्याबद्दल कुठलं कलम लागतं ते पाहायला जाडजूड पुस्तक काढलं. ते पुस्तक त्यांनी हात लांब करून धरलं. मग आणखी लांब धरलं. कलमाची भीती होतीच, तरी चष्मेवाल्यांची सवय कुठे जाते? "साहेब," ते म्हणाले, "तुम्हाला जवळचा नंबर लागलाय." साहेबांनी पुस्तक मिटलं. अर्ध्या तासात ठाण्यातल्या सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर तपासून झाले होते. हवालदारालाही नंबर निघाला. चष्म्याचं प्रकरण तोंडी निकालात काढण्यात आलं. तो घरी न्यावा आणि पुन्हा इकडे आणू नये, असं ठरलं.

'आठवणींची संध्याकाळ' जवळ येऊन ठेपली तरी साक्षीदाराचा पत्ता नव्हता. चष्मेवाल्यांनी जवळपास आशा सोडली होती. अशात एका दुपारी एक बाई दुकानात आल्या. मुलाकडे राहायला म्हणून अलीकडेच या भागात आल्या होत्या. पाटीकडे त्यांचं लक्षही नव्हतं. त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेली एक पुरुषी, जाडसर फ्रेम काढली.

"ही ह्यांची," त्या म्हणाल्या. "ह्यांना जाऊन वर्ष होईल. यात माझ्या नंबरच्या काचा बसतील का? मुलगा म्हणतो, आई, नवीन घे. पण चांगली आहे हो फ्रेम, पडून राहते. बायकी नाही दिसणार, ते माहीत आहे मला."

"छान दिसेल," चष्मेवाले म्हणाले, आणि हे ते गिऱ्हाइकांना नेहमी म्हणत असले तरी या वेळी त्यांचा आवाज जरा वेगळा आला. त्यांनी बाईंचे डोळे तपासले. मग जुन्या काचा काढण्याआधी सवयीने नंबर बघायच्या यंत्राखाली धरल्या. आणि ते थबकले.

नंबर वयाबरोबर वाढतो. पण काही डोळ्यांना जन्माचा तिरकेपणा असतो, त्याची कलण्याची तऱ्हा सहसा फारशी बदलत नाही. या काचांत डावा डोळा एका बाजूला आणि उजवा भलत्याच बाजूला कललेला होता. असला चमत्कारिक नंबर चष्मेवाल्यांनी आयुष्यात आणखी एकाच चष्म्यात पाहिला होता. तो त्यांच्या गुडघ्यापाशी खणात होता.

"बाई," त्यांनी शक्य तितकं सहज विचारलं, "यजमानांना गाण्याची आवड होती का?"

"आवड?" बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, डोकं उठवलं होतं त्यांनी! तरुणपणी कुठला तो बँड पाहिला होता, एकदाच. घरी कुणी पाहुणा आला की त्याची सुटका नाही. गायकाचा हिरवागार शर्ट, त्याला चांदीची बटणं, आणि शर्ट असा ढगळ की वाऱ्याने फुगायचा. आणि म्हणायचे, तो इतका मोठा गायक, पण जागचा हलायचा नाही. हात मागे बांधून उभा. त्या संथ गाण्याच्या वेळी त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याने हातसुद्धा पुढे आणला नाही. 'मी इतक्या जवळून पाहिलं,' म्हणायचे. मी वैतागायचे. आता वाटतं, आणखी एकदा सांगावं त्यांनी, मी पाहुण्यांच्या आधी येऊन बसेन."

चष्मेवाले स्टुलावर बसले. गर्दीकडे तोंड करून उभे असताना आपल्या रडण्याकडे त्या रात्री कुणाचं लक्ष गेलं नसेल, अशी त्यांची इतकी वर्षं खात्री होती.

साक्षीदार सापडला होता. आता फक्त डॉक्टरांकडे जायचं, दोन्ही चष्मे टेबलावर ठेवायचे आणि सगळं सांगायचं. समितीची बोलती बंद झाली असती. पण सगळं सांगायचं म्हणजे हेही सांगायचं की त्या माणसाने बँड पाहिलाच नव्हता. बिनचष्म्याच्या त्या डोळ्यांना स्टेज म्हणजे नुसता उजेडाचा गोळा दिसला असेल. नीट दिसला असेल तो फक्त हाताच्या अंतरावरचा एक हिरवा शर्ट.

"परवा तयार होईल," ते म्हणाले. "आणि परवाच संध्याकाळी वाचनालयात त्या बँडच्या आठवणी सांगणार आहेत. या तुम्ही. यजमानांची आठवण तुम्ही सांगा."

बाई आनंदाने हो म्हणाल्या. त्या गेल्यावर चष्मेवाल्यांनी काचेवरची पाटी काढली, डॉक्टरांना फोन करून बाईंचं नाव दिलं आणि म्हणाले, "मी दाराशी उभा राहतो."

रात्री जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिने तीच भाजी त्यांना दोनदा वाढली.

"नका सांगू तुम्ही," शेवटी ती म्हणाली. "गेलेल्या माणसाला कशाला खोटं पाडायचं?"

"पण मग मी पाहिला की नाही हे..."

"मी म्हणेन आजपासून, पाहिला. झालं?"

झालं नव्हतं. पण त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. बूटवाले आले, चक्करवाले आले, ते जोडपं आलं, ठाण्यातला हवालदार नवा चष्मा लावून आला. चष्मेवाले दाराशी उभे होते, स्टेजकडे पाठ आणि लोकांकडे तोंड, कारण दार नेमकं स्टेजच्या बाजूला होतं. नशीब म्हणतात ते हेच. बाई आल्या तेव्हा त्यांनी नव्या काचा बसवलेला यजमानांचा चष्मा बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो लावला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

डॉक्टरांचा हात मिळवून झाल्यावर बाईंची पाळी आली. त्या उठल्या आणि नवऱ्याच्या शब्दांत सांगू लागल्या. हिरवा शर्ट. चांदीची बटणं. सभागृहात चुळबुळ सुरू झाली.

"हिरवा?" बूटवाले म्हणाले. "शर्टच नव्हता हो त्याच्या अंगात."

"काळा होता," डॉक्टर म्हणाले. "माझ्या हाताला त्याची बाही लागली होती."

"पांढरा," चक्करवाले म्हणाले. त्यांनी कधी पाहिला हा प्रश्नच होता, पण ते ठाम होते.

"आणि हलायचा नाही म्हणजे काय? तो तर अख्ख्या स्टेजभर उड्या मारत होता!"

दोन गोष्टींवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. हिरवा शर्ट नव्हता आणि गायक उभा राहिला नव्हता. डॉक्टर हळुवारपणे म्हणाले, "बाई, यजमानांची काही गल्लत झाली असेल. दुसरा एखादा कार्यक्रम असेल."

"ते एकदाच गेले होते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला. "खोटं नव्हते बोलत हो ते. ह्यांना खोटं बोलताच यायचं नाही." त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि बसायला वळल्या.

"हिरवाच होता," दारातून आवाज आला.

सगळ्यांनी मान वळवली. चष्मेवाल्यांचे कान लाल झाले होते, पण आता माघार नव्हती. "हिरवा शर्ट होता. चकचकीत बटणांचा, ढगळ. आणि घालणारा जागचा हलत नव्हता. यांचे यजमान पहिल्या रांगेत होते, दोराला लागून. मी त्यांना पाहिलं आहे. त्या मैदानावर त्यांच्याइतका आनंदात दुसरा माणूस नव्हता. त्यांनी जे सांगितलं, ते अगदी बरोबर पाहिलं."

"अहो, पण तुमची तर पाठ होती!" डॉक्टर म्हणाले.

"बँडकडे होती. लोकांकडे माझं तोंड होतं. लोकांचा प्रत्यक्षदर्शी मीच."

"यांची सगळी चौकशी आमच्याकडे होऊन गेलेली आहे," हवालदार मागून भारदस्तपणे म्हणाला.

वाद मिटवायला डॉक्टरांनी ते संथ गाणं लावलं. पडद्यावर बँडची कुठलीशी चित्रफीत सुरू झाली. दिवे मंद झाले. चष्मेवाल्यांच्या मनात आलं, आता वळायला हरकत नाही, कवायत मास्तर नाहीत. ते वळलेही. पडद्यावर तो गायक होता, छान होता. पण थोड्या वेळाने त्यांना चुकल्यासारखं झालं आणि ते पुन्हा लोकांकडे तोंड करून उभे राहिले. बूटवाले पायाने ठेका धरत होते. जोडप्यातल्या बाईने डोकं नवऱ्याच्या खांद्यावर टेकलं होतं. बायको तिसऱ्या रांगेत होती आणि तिला या बँडची गाणी कधीच आवडली नव्हती, तरी ओठ हलवत होती. चष्मेवाल्यांचे हात आपोआप मागे गेले. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

पहिल्या रांगेत फक्त एक माणूस पडद्याकडे बघत नव्हता. नवऱ्याच्या जाड फ्रेममधून बाई त्यांच्याकडे बघत होत्या. गाणं संपेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही. मग त्या उठून दाराशी आल्या.

"तुमचा होता ना," त्यांनी हळूच विचारलं, "तो हिरवा शर्ट?"

चष्मेवाल्यांनी होकारार्थी मान हलवली. खोटं बोलणं त्यांनाही येत नसे.

"म्हणजे ह्यांनी बँड पाहिलाच नाही?"

"चष्मा नव्हता त्यांच्याकडे. हाताच्या अंतरावरचं तेवढं दिसत असणार."

बाई हसायला लागल्या. आधी पदरात तोंड घालून, मग आवरेना म्हणून मोकळ्याने. हसता हसता त्यांचे डोळे भरले. "बाई बाई बाई. आणि इतकी वर्षं ह्यांनी पाहुण्यांना तुमचं वर्णन ऐकवलं!" त्यांनी डोळे टिपले. "आणि हो, शेवटी शेवटी तर म्हणायचे, तो माणूस एकदा भेटायला हवा होता."

चष्मेवाल्यांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात गुंडाळलेला तो चष्मा त्यांनी दोन्ही हातांनी बाईंच्या हातावर ठेवला.

"त्यांनी धरायला दिला होता," ते म्हणाले. "काडी नवीन बसवलीय."